वरच्या बांधावरची टिटवी

पुंजा गांगुर्ड्याचं वावर डोंगरावरून पाहिलं तर देवी येऊन गेलेल्या माणसाच्या तोंडासारखं दिसायचं. सगळीकडं पीक, आणि मधे मधे वण. एका जागी हातभर गवत तसंच राखलेलं, दुसऱ्या जागी बाजरीची चार धाटं कापायची राहिलेली, तिसऱ्या जागी काहीच नाही, नुसती उघडी मुरमाड जमीन, आणि वखर तिला न शिवता कडेनं वळसा घालून गेलेला. नवखा माणूस म्हणायचा, ह्या शेतकऱ्याला डोळ्यानं कमी दिसतं वाटतं. तसं नव्हतं. पुंजाला नको तितकं दिसायचं.

खडकमाळ हे चांदवडच्या डोंगराला पाठ टेकून बसलेलं गाव. खाली ओढ्याकाठी काळी जमीन, तीही चार घरांना पुरेल एवढीच. वर चढत गेलं की मुरूम, खडे आणि कुसळं. पुंजाचं वावर सगळ्यात वरचं. त्याच्या पुढं डोंगर, आणि डोंगराच्या पुढं देव. अशा जागी पीक बेताचं आणि पाखरं बेसुमार. लावे, तितर, चंडोल, टिटव्या, सगळ्यांचे संसार भुईवर. आणि पुंजाची खोड अशी, की औत धरलं की नजर बैलाच्या खुरांपुढं. कुठं घरटं दिसलं की "हो हो हो" करून बैल थांबवायचे आणि बाजूनं काढायचे. कापणीला लाव्याची पिल्लं निघाली तर तेवढी बाजरी उभी. खळ्यात धामण आली तर खळं तिचं, पुंजा बाहेर.

बैल तर त्यानं पार बिघडवून ठेवले होते. टिटवी ओरडली की ते आपणच उभे राहायचे. त्यातला एक नामपूरच्या बाजारात विकला, तर घेणारा पुढच्याच बाजाराला बैल घेऊन परत. म्हणाला, "पाव्हणं, ह्यो बैल कामाचा हाय का भजनाचा? पाखरू वरडलं की डोळे मिटून हुबा राहतो!"

गावानं विचारलं तर पुंजा एकच उत्तर द्यायचा. "टिटवी हुमणीच्या अळ्या खाती. पिकाला बरं असतं." टिटवी हुमणी खात असेलही. पण पुंजाला ती हुमणीसाठी आवडत नव्हती हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्याला ती आवडायची, बस्स. असल्या गोष्टीला कारण लागतं ते लोकांना सांगण्यापुरतं.

त्याची बायको बायडाबाई मात्र टापटिपीची. तिचा ओटा पाहावा, चूल पाहावी, गवऱ्यांचा हुडवा पाहावा. सगळं रेघ मारल्यासारखं. असल्या बाईच्या पदरात देवानं असलं वावर आणि असला नवरा टाकला, ह्यात देवाचीही थोडी गंमत करायची वृत्ती दिसते. तरी तिनं पुष्कळ वर्षं सोसलं. म्हणजे रोज बोलून दाखवलं, पण सोसलं.

मग ज्या साली आग्रा रोडवरच्या सर्व्हिस मोटारी चांदवडला थांबायला लागल्या, त्या साली ती मोटारीत बसून कळवणला भाच्याच्या लग्नाला गेली. तिथं तिची भावजय कुसाबाई, भर मांडवात, चार बायकांत, पान चघळत म्हणाली, "वन्सं, तुमच्याकडं म्हणं पाखरांना वाटे घालून उरलं तर पेरता? गोधडीसारखं वावर हाय म्हणं तुमचं, ठिगळांचं?"

मांडवभर बायका हसल्या. बायडाबाई जेवली नाही. येताना मोटारीत बसली ती अशी गप्प, की शेजारच्या माणसाला वाटलं बाई कोणाच्या मयतीहून येतेय.

घरी आल्यावर तिनं पिशवी ठेवली आणि पुंजाला सांगितलं, "ह्या साली वावरात एक ठिगळ दिसलं तर म्या म्हायेरी जाईन. आन कळवणला नाय जायची, लक्षात ठिवा. दुसरीकडं कुढं म्हायेर नाय मला, तरी बी जाईन."

हा धमकीचा जरा अवघड प्रकार होता. पण पुंजाला कळायचं ते कळलं. तो म्हणाला, "सगळं वखरतो."

आणि नेमकं त्याच वैशाखात टिटवीनं वावराच्या ऐन मधोमध अंडी घातली.

टिटवी घरटं करते म्हणजे काय करते, तर काही करत नाही. जमिनीला जरा पोट घासते, चार खडे ओढते, आणि खड्यांत खड्यांसारखी चार अंडी ठेवून देते. टोकं आत, बूड बाहेर. मग जो कोणी दोन कोसांवरून जाईल त्याच्या नावानं ओरडत बसते, म्हणजे ज्याला ठाऊक नव्हतं त्यालाही कळावं. पुंजा बांधावर बसून बराच वेळ डोकं खाजवत राहिला. वखर घातला तर अंडी गेली. नाही घातला तर बायडाबाई गेली.

शेवटी त्यानं मधली वाट काढली. अंडी वावराबाहेर न्यायची, पण टिटवीला कळू न देता. म्हणजे एका खेपेला हातभर, आणि रोज अशा चार-पाच खेपा. सकाळी न्याहारीच्या वेळेला जायचं, पुढं अंगठ्यानं तसाच खळगा करायचा, खडे तेच, अंडी तशीच मांडायची, आणि लांब जाऊन पाठ करून बसायचं. टिटवी आभाळ डोक्यावर घ्यायची, पुंजाच्या पागोट्यावर झेप टाकायची, आणि मग गपगुमान येऊन नव्या जागी बसायची. जणू काल रात्री ती झोपली तिथंच होती. उन्हाचा तडाखा वाढला तसं नर-मादी आळीपाळीनं कुठून तरी पोट भिजवून यायचे आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसायचे. ओढा लांब. म्हणून पुंजानं फुटक्या रांजणाचं खापर आणून बांधाच्या सावलीत पाणी भरून ठेवलं. तेही रोज भरणं आलं.

खालच्या अंगाला शेरडांची वाट होती. डाव्या हाताला गाडीरस्ता. म्हणून तो अंडी वर वर नेत गेला. वावर संपलं, वरच्या बांधाला लागलं. बांधावर वेचलेल्या दगडांचा लांबलचक ढीग होता, त्याच्या सपाट माथ्यावर, जिथं औतही येणार नाही आणि शेरडांनाही चरायला काही नाही, तिथं नेऊन ठेवली. मग खाली उतरून त्यानं सगळं वावर आडवं-उभं वखरलं. एक वण नाही. बायडाबाई येऊन पाहून गेली. त्या रात्री भाकरीवर लोण्याचा गोळा होता.

आता माणूस रोज एका ठरल्या वेळी वर जातो म्हटल्यावर गाव काय आंधळं असतं? त्याच वेळेला, त्याच अंगाला तानुबाईची शेरडं चरायची. तानुबाईचा नवरा मुंबईला गिरणीत. बाई नाकीडोळी नीटस. झालं. पाणवठ्यावर ज्याला दोन आणि दोन मांडता येतात तो प्रत्येक जण पाच करून मोकळा झाला. बायडाबाईच्या कानावर आलं तेव्हा ती म्हणाली, "त्यास्नी शेजारची म्हस वळखू येत नाय, बाई काय वळखतील!" पण लोणी बंद झालं.

पुंजाला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. आणि एक गोष्ट त्याच्या ध्यानातच आली नव्हती, जी खडकमाळातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. टिटवीनं खोलगट जागी अंडी घातली तर पाऊस कमी, उंचावर घातली तर पाऊस दांडगा. हा जुना आडाखा. रोहिणी लागली की केरू आबा काठी घेऊन सगळा माळ हिंडायचा, टिटवीची अंडी बघायचा, आणि संध्याकाळी पारावर बसून सांगायचा की ह्या साली ओढ्याकाठची काळी पेरावी की वरचा माळ. गाव त्याप्रमाणं पेरायचं. आबाचं खरं ठरलं तर आबा मोठा. खोटं ठरलं तर टिटवी खोटी.

पुंजानं जन्मभर टिटव्या पाहिल्या, पण आडाखा कधी पाहिला नाही. जो माणूस नवरीचं तोंड बघत बसतो त्याला तिच्या नथीचं वजन कुठं ठाऊक असतं?

केरू आबा त्या दिवशी वरच्या बांधापर्यंत चढला, आणि दगडांच्या ढिगावर टिटवी बसलेली पाहून त्याच्या हातातली काठीच गळाली. एवढ्या उंचावर टिटवी त्यानं काय, त्याच्या आज्यानंही पाहिली नव्हती. संध्याकाळी पारावर त्यानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "लोकहो, खाली कुणी पेरू नगा. ओढा घरात येणार हाय. जनावरं वर बांधा."

दुसऱ्या दिवशी सगळं गाव बघायला आलं. बद्रुद्दीन नालबंद त्या वेळी गावात बैलांना नाल ठोकत होता. बैलाचा खूर हातात आणि गावाची बातमी कानात, असा त्याचा धंदा. त्यानं चांदवडपर्यंत वाटेतल्या प्रत्येक वस्तीला बातमी पोचवली. "अरे भाई, खडकमाळात टिटवी डोंगरावर चढली! नावा बांधायला घ्या!" तिसऱ्या दिवशी शेजारच्या गावांतली माणसं भाकरी बांधून आली. बायडाबाई घरी दारात उभी राहून वाटसरूंना मान हलवून म्हणत होती, "व्हय, आमच्याच वावरात. वर जा, सरळ." कळवणपर्यंत ही बातमी जाईल, असा तिला भरवसा होता.

पुंजाचं मात्र पाणी पाणी झालं होतं. गाव काय पेरतं ह्याची त्याला फारशी फिकीर नव्हती. केरू आबा नसता तर गावानं पेरणी सांगायला दुसरा कोणी शोधला असता. त्याला फिकीर होती ती चार अंड्यांची. माणसं ढिगाभोवती उभी राहिली की टिटवी उठायची आणि लांब जाऊन ओरडत राहायची. ऊन असं की दगडाला पाय लागला तर फोड यावा. त्या दगडांवर ती अंडी उघडी पडली की थोड्याच वेळात आतल्या आत शिजणार, हे त्याला दिसत होतं. पिल्लं बाहेर पडायला आता आठ-दहा दिवसच उरले होते. अंडं उन्हाकडं धरलं तर आत काळं हलताना दिसायचं.

"मागं सरा, मागं सरा," तो हात जोडून म्हणत होता. कोणी सरत नव्हतं. शेवटी त्यानं डोक्याचं पागोटं सोडलं आणि दोन्ही हातांनी अंड्यांवर सावली धरून उभा राहिला. उघड्या डोक्यानं, भर उन्हात.

लोकांना वाटलं, पुंजाच्या अंगात आलं.

कोणी तरी बाजूच्या दगडाला शेंदूर फासला. एकीनं हळद-कुंकू वाहिलं. चांदवडहून एक नारळवाला टोपली घेऊन येऊन बसला, आणि पहिला नारळ अंड्यांपासून वीतभर अंतरावर फुटला. पाणी उडालं. पुंजाला वाटलं आपलंच डोकं फुटलं. मग त्यानं जे जन्मात केलं नव्हतं ते केलं, गावापुढं मोठ्यानं बोलला.

"आबा! ही अंडी टिटवीनं हितं घातलीच नाय! म्या आणलीत!"

केरू आबानं तोंडातली तंबाखू गालात सरकवली. "आणली म्हंजी?"

"म्हंजी हातानं. खालनं. वावराच्या मधी व्हती ती. वखराखाली येतील म्हणून रोज हातभर हातभर वर आणली. तुमचा आडाखा चुकला आबा. पाऊस काय पडायचा तो पडंल. आता समद्यांनी घरी जा."

पुंजाला वाटलं, सुटलो. आता हसतील, शिव्या देतील आणि उतरतील. केरू आबानं डोळे मिटून विचार केला. ज्या माणसाचा तीस-चाळीस पावसाळ्यांचा मान पणाला लागतो, त्याला विचार भराभर सुचतो.

"तू हात लावला, तरी टिटवीनं अंडी टाकली नाय?"

"नाय."

"उलट मागं मागं आली?"

"आली."

"आन तू खाली का नाय नेली? बाजूला का नाय नेली? वरच का आणली?"

"खाली शेरडांची वाट हाय..."

"ऐकलं का लोकहो!" आबानं काठी आपटली. "तिला वर जायचं व्हतं. तिला काय हात हायेत? म्हणून ह्या बैलाला लावला वझं व्हायला! शेरडं बी तिनंच आडवी घातली. आरं, चालून आलेल्या कौलापरीस वाहून आणलेला कौल मोठा. पाऊस दुप्पट धरा!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. आणि एक म्हातारी पुढं होऊन, वाकून, पुंजाच्या पाया पडली. पुंजा पागोटं धरून तसाच उभा. पाय मागं घ्यावा तर सावली हलते.

तेवढ्यात बायडाबाई वर आली. बद्रुद्दीननं तिला खाली सांगितलं होतं, "वहिनी, तुमच्या वावरात जत्रा भरली हाय, नारळवाला बी आला. आता पाळणा तेवढा यायचा राहिला." ती कौतुक बघायला म्हणून डोक्यावर पदर घेऊन, जरा ठेवणीतलं लुगडं नेसून निघाली होती. पण वावराच्या कडेला आली आणि थबकली. आडवं-उभं वखरून पिठासारखं केलेलं ते वावर, आणि त्याच्यातून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पायवाट पडलेली. एक नाही, तीन. ती कडेकडेनं वर आली, तिथं तानुबाई उभी होती. तिनं हसत हसत बायडाबाईला सगळं सांगून टाकलं, अंडी, हातभर हातभर, न्याहारीची वेळ, पाण्याचं खापर.

बायडाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. उघड्या टकलावर ऊन, पायाशी म्हातारी.

"अंड्यांसाठी जायचे?" ती म्हणाली. "अवो, तानुबाईसाठी गेला असता तर लोक चार दिवस हसले आसते आन इसरले आसते. अंडी! आता हे जन्माचं झालं."

मग तिनं पदर खोचला. बांधाखालच्या बाभळीला राखणीची गोफण टांगलेली होती, ती उतरवली. खड्यांना वावरात तोटा नव्हता. पहिला खडा केरू आबाच्या पागोट्यावरून सूं करत गेला.

"ए बाई!" आबा ओरडला. "टिटवीचा कौल हाय ह्यो!"

"कौल झाला ना? ऐकला ना? मंग आपापल्या घरी जाऊन पेरा! माझं वखरलेलं वावर तुडवायला कुणी सांगितलं तुमास्नी? माझ्या बैलांचे खांदे सुजले तवा कुढं व्हता तुमी? उतरा! त्या बांधानं उतरा! जो वावरातनं जाईल त्याचं टाळकं!"

दुसरा खडा नारळवाल्याच्या टोपलीला लागला. बायडाबाईचा नेम बाजरीच्या राखणीत तयार झालेला. वाऱ्यावर डुलणाऱ्या कणसावरची चिमणी ती कणीस न हलवता उडवायची. हे गावाला ठाऊक होतं. परगावच्यांना लौकरच कळलं. म्हातारी सगळ्यांत आधी उतरली.

माळ मोकळा झाला. बायडाबाई ढिगाजवळ आली. शेंदराचा दगड उचलून तिनं बांधापलीकडं भिरकावला. फुटका नारळ मात्र पदरात घेतला. चार अंडी वाकून बघितली. लांब दगडावर उभी राहून टिटवी दोघांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

"हीच का ती?"

"हीच," पुंजा म्हणाला.

"मंग पागोटं काढा आन व्हा बाजूला. तुमी हितं खांबासारखे हुबे राह्यल्यावर ती बसंल कशी? लोकांना सांगता मागं सरा."

त्यानंतर बायडाबाई रोज दुपारी बांधाखालच्या बाभळीच्या सावलीत येऊन बसायला लागली. सूप मांडीवर, गोफण शेजारी. पेरणीचं बी निवडायचं आहे, घरी उजेड नाही, असं ती सांगायची. माणसं लांबूनच टिटवीला हात जोडून जायची. केरू आबा एकदा आला तर ओढ्यापलीकडून बघून गेला. टिटवी मात्र उपकार मानणारी नव्हती. बायडाबाई जागेवरून हलली की ती थेट तिच्या डोक्यावर झेपावायची.

"हिला अक्कल नाय," बायडाबाई म्हणायची. "आपण राखण करावी आन ह्या भवानीनं शिव्या द्याव्या."

पुंजाच्या मनात एक उत्तर आलं. ते त्यानं मनातच ठेवलं, म्हणून त्याचा संसार टिकला.

मृगाच्या तोंडावर एका सकाळी अंडी फुटली होती. चारही. पिल्लं म्हणजे काड्यांवर ठेवलेले खडे. अंग सुकायच्या आत ढिगावरून गडगडत खाली उतरली आणि थेट वखरलेल्या वावरात शिरली. मऊ माती, ताजे किडे, त्यांना दुसरं काय हवं? तिथंच त्यांनी मुक्काम टाकला.

पाऊस झाला. त्या साली तो कसा झाला ह्यावर खडकमाळात अजून एकमत नाही. केरू आबाच्या मते दांडगा, ज्यांनी खाली पेरलं नाही त्यांच्या मते बेताचा. वाफसा आला तसं पुंजानं वावरात पाभर घातली. पाभरीच्या मागं चालून चाड्यात बी सोडायचं काम दरसाल बायडाबाईचं. पण पेरणीचं पहिलं तास अर्ध्यात आलं आणि टिटवी किंचाळली. बैल सवयीनं उभे राहिले. पुंजा पुढं होऊन वाकून बघतो तर काहीच नाही. टिटवीनं इशारा केला की पिल्लं जागच्या जागी बसतात, आणि बसली की मातीची होतात. दिसणार कुठून?

"दिसतं का?" मागून बायडाबाई म्हणाली.

"नाय."

"तुमास्नी काय दिसणार!"

ती पुढं आली. दोन पावलं टाकून वाकली, आणि मातीतून एक खडा उचलला. त्याला पाय होते. तिनं तो ओच्यात घातला, पलीकडं बांधाच्या अंगाला नेऊन सोडला, आणि परत येऊन बैलांच्या पुढं उभी राहिली. मग बांधावर शेरडं राखणाऱ्या तानुबाईला हाक मारली. "तानुबाई! ये गं, चाड्यावर बी सोड. माझे हात रिकामे नायत."

दिवसभर असं चाललं. पुढं बायडाबाई, कंबरेत वाकून, मातीत डोळे घालून, डोक्यावर टिटवीच्या घिरट्या, मागं बैल, बैलांमागं पुंजा, त्याच्यामागं तानुबाई. बायडाबाईनं हात वर केला की सगळी वरात थांबायची. ती म्हणेल तिकडं पाभर वळायची. उन्हं कलली तेव्हा पुंजानं बांधावर जाऊन मागं पाहिलं. तासं कुठं नागासारखी, कुठं चुलीच्या धुरासारखी गेलेली. सरळ असं एकही नाही.

"लय वाकडी झाली," तो भीत भीत म्हणाला.

बायडाबाईनं कंबरेला हात लावून पाठ ताठ केली आणि वावराकडं नजर टाकली.

"झाली तर झाली," ती म्हणाली. "बाजरी काय वळीनं बसून खायची असती?"